तिशीची शाकारणी: कोकणात राहून शरीर आणि मन सांभाळायचं कसं

मृग लागायच्या आधी घर शाकारून घ्यायचं हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. कौल फुटलेलं दिसो न दिसो, माणूस छपरावर चढतोच. स्वतःच्या अंगाच्या बाबतीत मात्र आपण गळती लागेपर्यंत थांबतो. तिशीत तर जास्तच. "माका काय झाला नाय" हे उत्तर या वयात ओठांवर तयार असतं, आणि खरंच काही होत नसतं. रक्तदाब दुखत नाही. साखर वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. हाडं तिशीच्या आसपास सर्वांत भरलेली असतात, त्यानंतर फक्त राखायची असतात. स्नायूही याच सुमारास हळूहळू ओसरायला लागतात.

सरकारी आरोग्य यंत्रणेनेही ३० हाच आकडा धरलेला आहे. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी, स्त्रियांसाठी शिवाय स्तनांची आणि गर्भाशयमुखाची, हे सगळं फुकट होतं. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरून नेतात, तो याचसाठी असतो. आपण बहुतेक वेळा "आईचा भरा, माझं काय" म्हणून त्यांना वाटेला लावतो.

"सोमवारपासून सुरू" हा शहरी बेत आपल्याकडे टिकत नाही. आपलं वर्ष आठवड्यांनी चालत नाही. लावणी, गणपती, कापणी, मोहोर, आंबा, आणि मे महिन्यात भरलेलं घर, असं चालतं. म्हणून खालच्या पायऱ्याही त्याच हिशेबाने घ्या.

पायरी १: दिवाळीनंतर मोजमाप

भात घरात आलेलं असतं आणि बागेची धावपळ अजून अंगावर आलेली नसते. हाच काळ धरा. जवळच्या उपकेंद्रात जा. आता त्यावर "आयुष्मान आरोग्य मंदिर" अशी पाटी असते आणि बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. रक्तदाब आणि साखर तिथेच होते.

रक्तदाब मोजण्यात एवढा हलगर्जीपणा चालतो की यावर जरा थांबतो. स्कूटर लावली, धापा टाकत आत आलात, हात पुढे केलात आणि पट्टा आवळला, तर येणारा आकडा चढाचा असतो, तुमचा नव्हे. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा शर्टावरून नाही, उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही, अगदी ताईंनी आईची चौकशी केली तरी. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायला सांगा आणि पहिल्या खेपेला दोन्ही हातांवर घ्या. १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. १४०/९० किंवा वर आला तर घाबरून लगेच गोळी मागू नका आणि "टेन्शनमुळे असेल" म्हणून सोडूनही देऊ नका. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. मधल्या आकड्यांवर सहसा औषध लागत नाही, पण ताटातलं मीठ आणि कंबर यांच्याकडे बघायची वेळ आलेली असते.

कंबर मोजायला शिंप्याची टेप पुरते. पँट किंवा परकर बांधतो तिथे मोजायचं नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडल्यावर मोजायचं. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा धरतात. काट्यावरचं वजन बरं दिसत असूनही कंबर सुटलेली, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार, आणि मधुमेहाच्या दृष्टीने तोच जास्त बोलका असतो.

रक्तातलं काय करावं? उपाशीपोटी साखर: १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा वर आली तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करायची. हिमोग्लोबिनसाठी सीबीसी: स्त्रियांना १२, पुरुषांना १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी. जोडीला कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. थकवा, केस गळणं, पाळी बिघडणं, मन उतरलेलं असणं यातलं काही असेल तर थायरॉइडची टीएसएच चाचणी आणि बी-१२ जीवनसत्त्व सुद्धा. एवढं तिशीला पुष्कळ झालं. साठ-सत्तर चाचण्यांचं "फुल बॉडी" पॅकेज स्वस्त वाटतं, पण त्यातला एखादा आकडा उगाच रेषेबाहेर जातो आणि मग त्याच्यामागे तीन महिने आणि बरेच पैसे जातात. एक बारकावा: रक्त खूप कमी असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी फसवी येऊ शकते. आधी रक्त बघा, मग तिच्यावर विश्वास ठेवा.

घरी एक काम आणखी. दिवसाच्या उजेडात आरशासमोर तोंड उघडा. उभी धरलेली तीन बोटं आत जायला हवीत. जात नसतील, किंवा गालाच्या आतून, जिभेखाली पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दाताच्या डॉक्टरकडे जा. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे हे पानपट्टीवर उभं राहून वाचल्यास हसू येईल, पण चट्टा हसण्यावारी न्यायचा नसतो. आणि मिश्री म्हणजे तंबाखूच. "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते" असं डॉक्टरांना सांगून उपयोग नाही. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट मदत मिळते.

पायरी २: ताट

भात सोडा, हा सल्ला कोकणात चालत नाही आणि त्याची गरजही नाही. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात हे ताट नांगर धरणाऱ्या माणसासाठी होतं. आता दिवस दुकानात, बँकेत किंवा स्कूटरवर जातो आणि ताट तेच राहिलंय. तेव्हा भात एका वेळेला कमी करा, त्या वेळी नाचणीची किंवा तांदळाची एक भाकरी घ्या, आणि ज्याने भात खायचा ते वाढवा. प्रौढ माणसाला किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. १०० ग्रॅम कुळथात २० ग्रॅमहून जास्त असतात. पण पिठी करताना चार माणसांत दोन डाव पीठ टाकलं तर कुणाच्या वाट्याला काय येणार? पिठी दाट करा, कुळथाची उसळ करा, चवळी, वाल, अंडी फिरती ठेवा. बांगडा आणि तारली स्वस्त म्हणून त्यांना कमी लेखू नका. हृदयाला हवं ते तेल त्यांच्यात भरपूर असतं. फक्त तळण्यापेक्षा तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, जास्त जाऊ द्या.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ताटात सुकं येतं. इथे मिठाचा प्रश्न सुरू होतो. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, एवढंच मीठ पोटात जावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुका बांगडा, लोणचं, पापड, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), दुपारच्या चहासोबतचं फरसाण यांतच तो चमचा भरून जातो आणि आमटीतलं मीठ वेगळंच. सुकं म्हावरं पाण्यात भिजत घालून ते पाणी ओता, आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नका. सोलकढी आगळाऐवजी बिनमिठाच्या सोलांची करा. चव काही आठवड्यांत सवयीची होते.

स्त्रियांच्या रक्ताबद्दल दोन शब्द. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासभर थांबा. लोहाची गोळीही चहासोबत नको, लिंबू-पाण्यासोबत घ्या. मूल हवं असेल तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहायच्या निदान महिनाभर आधी सुरू करायची असते, राहिल्यावर नव्हे.

पायरी ३: अंग हलवणं

आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. "आमचं शेतातलं काम असतं" हे लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत खरं असतं. उरलेल्या महिन्यांत नाक्यावर जायलाही गाडी निघते. किनारा जवळ असेल तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर चाला. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने लांब चाललं तर एका गुडघ्यावर जास्त भार येतो. गेलात तेवढंच परत या. ताकदीसाठी जिम नको. घाटीच्या पायऱ्या चढणं, खुर्चीवरून हात न लावता वीस वेळा उठणं, भिंतीला हात लावून जोर, भरलेली कळशी दोन्ही हातांनी आलटून पालटून नेणं. पावसात पडवी आहेच.

बागायतदारांसाठी थोडं वेगळं. पाठीवरचा फवारणीचा पंप भरला की चांगलाच जड होतो आणि कंबर तिथूनच धरते. पंप जमिनीवरून उचलून पाठीवर घेऊ नका. कठड्यावर ठेवून पट्टे चढवा. वाऱ्याच्या उलट दिशेला फवारू नका. काम झाल्यावर आंघोळ करा आणि त्या कपड्यांची धुणी वेगळी ठेवा. फवारल्यावर लाळ सुटली, घाम फुटला, दिसायला अंधुक झालं तर लिंबूपाणी पीत बसू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

पायरी ४: झोप, आणि तिच्या आड येणारी बाटली

सात तास झोप हवी. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा हे सगळेच सांगतात, मी पुढे जातो.

"दोन पेग मारले की झोप लागते" हे अर्धंच खरं. लागते लवकर, पण रात्रीच्या उत्तरार्धात मोडते. पहाटे तीनला जाग येते आणि कर्ज, लग्न, भाऊबंदकीतली जमीन सगळं एकदम छातीवर बसतं. मग दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच उपाय. तिशीतल्या अनेकांची उदासी आणि बीपी दोन्ही या एकाच वाटेने घरात येतात.

श्रावण ही आपल्याकडची आयती संधी आहे. गटारी झाली की गणपतीपर्यंत बंद ठेवणारे पुष्कळ आहेत. त्या दिवसांत झोप, वजन, पैसे यांत काय फरक पडला ते कॅलेंडरवर लिहा. मात्र जो रोज पितो त्याने श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम तोडू नये. बंद केल्यावर हात थरथरणं, घाम, जीव घाबरा होणं, नसलेलं दिसणं, फिट येणं हे शरीराचे धोक्याचे इशारे आहेत आणि ते जिवावर बेतू शकतात. आधी डॉक्टरांना भेटा. औषधं देऊन सुरक्षितपणे सोडवता येते. घरातल्यांनी "आता बघा, सोडल्यावर कसा झालाय" म्हणून चिडवण्यापेक्षा त्या रात्री गाडी तयार ठेवावी.

पायरी ५: मन

तिशीतली माणसं इथे वेगवेगळ्या कोंडीत असतात. कलमं सांभाळणारा मुलगा, ज्याचं लग्न "मुलगा गावातच असतो" एवढ्यावर अडतं. नवरा मुंबईला आणि आपण सासू-सासऱ्यांसोबत इथे, अशी बाई. शहरातली नोकरी सोडून परत आलेला, ज्याला प्रत्येक जण "कधी जातोस?" विचारतो. मूल होत नाही म्हणून हळदीकुंकवाला जायचं टाळणारी. यातल्या कुणीही "मला नैराश्य आलंय" म्हणणार नाही. म्हणतात ते असं: जेवण जात नाही. छातीत धडधडतं. डोकं जड. अंगात काही उरलं नाही. म्हणून शरीराच्या तक्रारी तपासून काही सापडलं नाही तर तिथेच थांबू नका.

स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होतं का? एरवी आवडणाऱ्या गोष्टीत, मग ती भजनाची डबलबारी असो, नदीवर गळ टाकणं असो की मैत्रिणीला फोन, रस उरला नव्हता का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर पुढचं करा.

पहिल्या दिवशी एका माणसाला सांगा. सल्ला देणाऱ्याला नव्हे, ऐकणाऱ्याला. आपल्याकडे ही दोन माणसं क्वचितच एक असतात.

पहिला आठवडा साधी वही ठेवा: किती वाजता झोपलो, कधी जाग आली, काय खाल्लं, घराबाहेर पडलो का. याच आठवड्यात हिमोग्लोबिन, टीएसएच, बी-१२ राहिलं असेल तर करून घ्या, कारण थायरॉइड मंदावला किंवा रक्त कमी झालं तरी माणूस अगदी असाच दिसतो.

गावात बोलायची लाज वाटत असेल तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. समुपदेशक ऐकून घेतात आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. कॉल घरातून नको असेल तर सड्यावर, वरच्या मोकळ्या माळावर, जाऊन करा, तिथे रेंजही बरी मिळते.

फरक पडला नाही तर जिल्हा रुग्णालयातली मानसोपचाराची ओपीडी. रत्नागिरीत राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे, आणि त्याच्या नावाने आपल्याकडे चेष्टाही भरपूर चालते. पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे. झोप येत नाही म्हणून जाऊन, चिठ्ठी घेऊन, दुपारच्या एसटीने घरी येता येतं. गेलं म्हणजे ठेवून घेतात असं नाही.

गोळी सुरू झाली तर एवढं लक्षात ठेवा: उदासीवरची औषधं लागू पडायला दोन ते चार आठवडे घेतात, आणि मळमळ, बेचैनी असले त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे आधी वाईट वाटतं, मग बरं. नेमक्या त्या मधल्या दिवसांत लोक गोळी फेकून देतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, साधारण सहा महिने तरी, चालू ठेवायची आणि बंद करायची तीही हळूहळू. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची सवय लागते, त्या मेडिकलवाल्याच्या ओळखीवर आणू नका. देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल, कौल लावायचा असेल तर जरूर लावा, त्याने अनेकांना धीर येतो. फक्त कौल मिळाला म्हणून गोळी बंद नको.

कुणी "जगण्यात अर्थ नाही" म्हणालं तर ते नाटक नाही असंच धरून चाला. थेट विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या दिवसांत माणसाला एकटं सोडू नका आणि बागेची औषधं घरातून हलवा, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. ही साधी गोष्ट जीव वाचवते. १४४१६ आहे, जीवाला तातडीचा धोका असेल तर १०८. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखालचा माणूस मानलं आहे, गुन्हेगार नव्हे.

बाळंतपणानंतर रडू येणं पहिल्या काही दिवसांत चालतं. दोन आठवड्यांवर गेलं तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगायला हवं, आणि ते बाळंतिणीने नव्हे, नवऱ्याने सांगावं.

पुरुषांकडे भजनी मंडळ आहे, टेनिस बॉलच्या मॅचा आहेत, शिमग्याची पालखी आहे. लग्न होऊन दुसऱ्या गावी आलेल्या मुलीकडे असं हक्काचं काय असतं? बचत गटाची बैठक, तीही हप्त्याच्या हिशेबात संपते. घरातल्यांनी तिला आठवड्यातून दोन तास कुणाच्याही परवानगीशिवाय बाहेर जाता येईल एवढं बघावं. कुठल्याही गोळीइतकं ते औषध आहे, असं माझं मत.

पायरी ६: पावसाळा

लावणीच्या चिखलात पायाला जखम असेल तर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू आत शिरतात. जखम झाका, जमेल तिथे गमबूट घाला. या दिवसांत ताप आला आणि पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल, लघवी कमी, असं दिसलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि "शेतात उतरलो होतो" हे आपणहून सांगा. आरोग्य कर्मचारी डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या वाटायला आले तर परत पाठवू नका. जेवून, भरपूर पाण्यासोबत घ्या. गरोदर असाल तर आधी सांगा.

चिखल्या झाल्या तर बोटांमधली जागा कोरडी ठेवणं हेच मुख्य. जांघेतल्या गजकर्णावर मेडिकलमधलं मिश्र मलम लावाल तर त्यातल्या स्टेरॉइडमुळे चार दिवस खाज थांबते आणि मग दुप्पट पसरतं.

दोडामार्ग-सावंतवाडी भागात काजूच्या हंगामात माकडतापाचा धोका २०१६ पासून आहे. जंगलात जाताना अंगभर कपडे घाला, आल्यावर गोचीड बघा, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका आणि आरोग्य केंद्राला कळवा.

पायरी ७: कागद

एक फाइल करा. पहिल्या पानावर आई-वडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा: कुणाला बीपी, मधुमेह, कर्करोग होता, कोणत्या वयात. वडिलांना चाळिशीत हृदयविकार झाला असेल तर हे पान तुमच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा महत्त्वाचं ठरतं. स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या तपासणीची तारीख लिहून ठेवावी. ती दर पाच वर्षांनी करायची. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीखही तिथेच, दहा वर्षांपूर्वीची असेल तर नवीन घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ठरलेल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांसाठी. ओपीडीची चिठ्ठी त्यात बसत नाही. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आताच बघा. माहेरचं आणि सासरचं नाव असा घोळ अ‍ॅडमिट करायच्या रात्री निस्तरत नाही.

चाकरमान्यांनी हे सगळं मुंबईत करावं, पण आई-वडिलांची फाइल गावी आल्यावर. गणपतीत आरत्यांच्या गडबडीत लॅब गाठणं होत नाही. मे महिन्यात आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी, पहिला हापूस कापायच्या आधी, उपाशीपोटी रक्त देऊन या.